चूल थंड पडण्याआधी : मोहल्ल्यातल्या अन्नबँकेची मदत कशी घ्यावी?



घरातलं पीठ संपलंय, कमावणारा माणूस आजारी आहे आणि किराणावाल्याने उधारी बंद केली आहे. अशा वेळी आपल्याकडची बरीच कुटुंबं काय करतात? आधी एक वेळचं जेवण कमी होतं. मग अम्मी म्हणते, "मला भूक नाही, तुम्ही खा." मग मुलांचं दूध बंद, ट्यूशन बंद, आणि शेवटी मोठ्या मुलाची शाळा बंद. मोहल्ल्यातल्या बैतुलमालकडे किंवा अन्नबँकेकडे जाण्याचा विचार सगळ्यात शेवटी येतो. कित्येकदा येतच नाही. कारण एकच, लोक काय म्हणतील?

भुकेलं मूल वर्गात ओळखू येतं. ते दंगा करत नाही, गप्प बसतं. डबा का आणला नाही विचारलं तर "घरी विसरलो" म्हणतं. डबा रोज विसरला जात असेल तर ती विसर नसते, हे कोणत्याही शिक्षकाला कळतं. म्हणून हा लेख देणाऱ्यांसाठी नाही, घेणाऱ्यांसाठी आहे. मदत कुठे असते, ती मागायची कशी आणि मागताना आपली इज्जत कशी सांभाळायची, हे सरळ सांगण्याचा प्रयत्न आहे.

ही भीक नाही, हक्क आहे

जकात कोणाला द्यायची हे कुरआनने सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत ठरवून दिलं आहे. त्यात आठ प्रकारचे लोक सांगितले आहेत आणि सर्वात आधी नाव आहे ते फकीर आणि मिस्कीन यांचं. म्हणजे गरजू माणूस जेव्हा जकातीतून राशन घेतो तेव्हा देणारा त्याच्यावर उपकार करत नसतो, स्वतःचं फर्ज अदा करत असतो. सूरह बकराहच्या २७३व्या आयतीत तर अशा गरजूंचा खास उल्लेख आहे, जे खुद्दारीमुळे कोणाच्या मागे लागत नाहीत आणि ज्यांना पाहून अनोळखी माणसाला ते खाऊनपिऊन सुखी वाटतात. इस्लाममध्ये गरज नसताना हात पसरणं वाईट मानलं आहे. मुलं उपाशी असताना हक्काचं मागणं ही वेगळी गोष्ट आहे.

मदत कोणत्या रूपात मिळते?

आपल्याकडे अन्नबँक हे नाव प्रत्येक ठिकाणी नसतं. कुठे मशिदीचं बैतुलमाल असतं, कुठे मोहल्ला कमिटी, कुठे जमातीचा ट्रस्ट, कुठे चार तरुणांचा ग्रुप. पण काम साधारण दोन प्रकारे चालतं.

पहिला प्रकार राशन किटचा. आटा, तांदूळ, डाळ, तेल, साखर, चहापत्ती, मीठ अशा वस्तू महिन्यातून एकदा नोंदलेल्या कुटुंबांना मिळतात. दुसरा प्रकार शिजवलेल्या अन्नाचा. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, हारून मुकाती इस्लामिक सेंटरने डिसेंबर २०१५ मध्ये रोटी बँक सुरू केली. तिची कल्पना साधी होती. ज्यांना जमेल त्यांनी घरच्या ताज्या दोन रोट्या आणि सालन आणून द्यायचं, ज्यांना गरज आहे त्यांनी येऊन घेऊन जायचं. जात-धर्माची अट नव्हती.

आम्ही घेऊ शकतो का?

"आमचं स्वतःचं घर आहे, रिक्षा आहे, मग जकात कशी घेऊ?" हा प्रश्न खूप जणांना अडवतो. हनफी मसलकाप्रमाणे राहतं घर, वापरातले कपडे-भांडी आणि रोजीरोटीचं साधन निसाबात धरलं जात नाही. रिक्षावाल्याची रिक्षा, शिंप्याची मशीन ही रोजीरोटीची साधनं आहेत. सोनं-चांदी आणि शिल्लक रक्कम मात्र धरली जाते, आणि डोक्यावरचं कर्ज त्यातून वजा होतं. घरात थोडाफार दागिना असेल तर एकदा आलिम साहेबांना विचारून घ्या, मनात शंका ठेवू नका.

सय्यद घराण्यातले लोक सहसा जकात घेत नाहीत. तसं असेल तर कमिटीला आधीच सांगा. बऱ्याच ठिकाणी जकातीचा पैसा आणि लिल्लाह किंवा इमदादचा पैसा वेगळा ठेवलेला असतो. त्या दुसऱ्या फंडातून सय्यद कुटुंबाला आणि आपल्या बिगरमुस्लिम शेजाऱ्यालाही मदत देता येते.

जायचं कसं, सांगायचं काय?

१. डबा पूर्ण रिकामा होण्याची वाट पाहू नका. कमिटीचा माणूस घरी येऊन पडताळणी करतो, मग नाव यादीत जातं. यात आठ-पंधरा दिवस सहज जाऊ शकतात. आठवडाभराचं धान्य उरलेलं असतानाच निरोप द्या.

२. पहिली भेट इमाम साहेबांची किंवा कमिटीच्या जबाबदार व्यक्तीची घ्या. जुम्याच्या गर्दीत नको, इतर दिवशी अस्रनंतर वगैरे शांत वेळी भेटा. महिलांसाठी काम पाहणारी एखादी आपा असेल तर भगिनींनी तिच्याशी बोलावं. इद्दतीत असलेल्या भगिनीने भावाला पाठवावं किंवा फोनवर सांगावं.

३. सोबत आधार कार्ड, रेशन कार्ड, आणि आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद यांची झेरॉक्स ठेवा. मूळ कागद कोणाकडेही सोडू नका.

४. बोलताना रडगाणं नको, लपवाछपवीही नको. नेमकं सांगा : "आमच्या घरात सहा माणसं आहेत. कमावणारा एकच, त्याचं काम दोन महिन्यांपासून बंद आहे. तीन महिन्यांसाठी राशन पाहिजे." किती माणसं, अडचण काय आणि किती दिवसांची, हे कळलं की कमिटीला निर्णय घेणं सोपं जातं.

५. घरात लहान बाळ, गरोदर बाई किंवा शुगरचा पेशंट असेल तर तेही सांगा. कधी साखरेऐवजी डाळ किंवा दूध पावडर देता येते.

रमजानमध्ये सगळीकडे किट वाटले जातात, पण देणगीचा मोठा हिस्साही तेव्हाच येतो आणि पुढचे महिने कोरडे जातात. त्यामुळे रमजानचं किट हवं असेल तर शाबानमध्येच नाव नोंदवा. अडचण वर्षभराची असेल तर तेही तेव्हाच स्पष्ट करा.

फोटो आणि चौकशी

घरी चौकशीला लोक आले तर वाईट वाटून घेऊ नका. लोकांची अमानत त्यांच्या हातात असते, ती योग्य जागी जावी म्हणून ते विचारतात. पण फोटो ही वेगळी गोष्ट आहे. किट घेताना चेहऱ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकणं तुम्हाला मान्य नसेल तर शांतपणे नाही म्हणा. हिशोबासाठी सही किंवा अंगठा पुरे होतो. मुलांना किट आणायला पाठवू नका. उद्या शाळेत त्यांनाच टोमणे ऐकावे लागतात.

किटबरोबर सरकारी धान्यही घ्या

अन्नबँकेचं किट अडीअडचणीसाठी असतं. कायमचा आधार आहे तो राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३. या कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. सहा जणांच्या घराला ३० किलो झालं. अंत्योदय कार्ड असेल तर घराला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे.

केशरी कार्ड हातात आहे म्हणून धान्य मिळतंच असं नाही. नाव प्राधान्य यादीत पाहिजे. महाराष्ट्रात त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९,००० आणि गावात ४४,००० रुपये ठेवलेली आहे. तुम्ही त्यात बसत असाल तर उत्पन्नाचा दाखला काढून तहसीलच्या पुरवठा विभागात अर्ज करा. मुंबईत हे काम शिधावाटप कार्यालयात होतं. नवीन सून, नवीन बाळ यांची नावं कार्डात घाला. प्रत्येकाची ई-केवायसी झाली का तेही पाहा, नाहीतर त्या माणसाचं धान्य अडकू शकतं. गाव सोडून कामासाठी भिवंडी-मुंबईला आला असाल तर गावच्या कार्डावर इथल्या दुकानातही अंगठा देऊन धान्य घेता येतं. आणि भगिनींनो, कायद्याने रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या मोठ्या बाईचंच नाव असतं. म्हणून दुकानात विचारायला संकोच करू नका.

दुकानदार टाळाटाळ करत असेल तर १९६७ या हेल्पलाइनवर किंवा जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आणि गरोदर-स्तनदा मातांसाठी अंगणवाडीतला आहार आहे. सरकारी आणि अनुदानित शाळेत पहिली ते आठवीच्या मुलांना दुपारचं जेवण आहे. हे सगळं घेत राहा. रेशनचं धान्य आणि कमिटीच्या किटमधलं तेल-डाळ मिळून महिना निघतो.

नकार मिळाला तर

एका कमिटीने "यादी भरली" म्हटलं तर दार बंद झालं असं समजू नका. पुढच्या महिन्यासाठी नाव लिहून घ्यायला सांगा आणि दुसऱ्या मोहल्ल्यात कोण काम करतं ते त्यांनाच विचारा. दोन ठिकाणांहून मदत मिळत असेल तर लपवू नका. तुमच्या जागी दुसऱ्या एखाद्या घराची चूल पेटेल.

आणि काम परत सुरू झालं की कमिटीला स्वतः जाऊन सांगा, "आता आमचं नाव काढा, अल्हम्दुलिल्लाह." हे सांगणाऱ्या माणसाची खुद्दारी मदत घेतल्याने कमी होत नाही. तोपर्यंत मुलाचा डबा रिकामा जाऊ देऊ नका. या जुम्याच्या आतच निरोप द्या.