काळ्या चिमणीची राख : ‘फँड्री’ आणि जादूचा विचार

आजच्या विषयात राख येणार आहे, आणि खापरखेड्याच्या माणसाला राखेविषयी कुणी नवीन काय सांगणार? १३४० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र उशाशी घेऊन झोपणारं हे गाव. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते ती राख आपल्या परिचयाची. पण आज आम्ही जिच्याबद्दल बोलणार आहोत ती चिमूटभर राख आहे, एका पक्ष्याची, आणि ती मुळात कुणाच्या हाती लागतच नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ या चित्रपटातल्या काळ्या चिमणीची ती राख.

बहुतेकांनी चित्रपट पाहिला असेल, तरी कथा थोडक्यात सांगतो. जब्या हा कैकाडी समाजातला शाळकरी पोरगा. ‘फँड्री’ म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. गावात डुकरांचा उपद्रव झाला की ती धरायला याच्या घरच्यांना बोलावतात. जब्याचं मन वर्गातल्या शालूवर जडलेलं. तो तिच्याशी एक शब्द बोलू शकत नाही. चिठ्ठी लिहितो, पण देऊ शकत नाही. गावात सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारा चंक्या त्याला सांगतो की लांब शेपटीची काळी चिमणी धरायची, जाळायची आणि तिची राख त्या मुलीवर टाकायची. मग ती वश होते. जब्या आणि त्याचा दोस्त पिऱ्या गलोल घेऊन माळरानावर त्या पक्ष्याच्या मागे हिंडतात.

आता प्रश्न असा, की ही जादूची गोष्ट आहे की वास्तवाची? जादूची गोष्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उडता गालिचा, बोलणारा पोपट, दिव्यातला राक्षस येतो. त्सव्हेतान तोदोरोव्ह या समीक्षकाने १९७० साली अद्भुत साहित्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्याने फार उपयोगी भेद केला आहे. घटना निसर्गनियमांनी समजावता आली तर ती केवळ विचित्र. नवे, अलौकिक नियम मानावे लागले तर ती चमत्काराची. आणि यांपैकी कोणती, हे ठरत नाही तोवर जी घुटमळ होते, तिथे खरं अद्भुत राहतं. ‘फँड्री’मध्ये ही घुटमळ आपल्या मनात नाही, जब्याच्या मनात आहे. राखेने मुलगी वश होत नाही हे आपल्याला ठाऊक आहे. पण चिमणी हाती लागत नाही, त्यामुळे जब्याच्या मनातली शक्यता जिवंत राहते. म्हणजे हा जादूचा चित्रपट नाही; एक पोरगा जादूकडे का वळतो, याचा हा चित्रपट आहे.

का वळतो, याचं उत्तर ‘अडाणी आहे म्हणून’ असं देणं सोपं आहे. आम्ही ते देणार नाही. ज्याँ-पॉल सार्त्र या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९३९ साली भावनांविषयी एक छोटा ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं : जगात वागण्याच्या वाटा असतात. भूक लागली तर भाकरीपर्यंत जाणारी वाट असते. पण वाट बंद झाली आणि गरज मात्र तशीच राहिली, तर माणूस जग बदलू शकत नाही म्हणून जगाकडे पाहण्याची आपली रीत बदलतो. हात पोचत नाही तेव्हा द्राक्षं आंबट होतात. आपल्याकडे कोल्ह्याची ती गोष्ट पोराटोरांना माहीत आहे, आणि सार्त्रनेही द्राक्षांचाच दाखला दिला आहे. या बदलाला तो जादू म्हणतो.

जब्याच्या वाटा मोजून पाहा. बोलण्याची वाट बंद. चिठ्ठीची वाट बंद. जीन पँट घेतली तर आपण वेगळे दिसू, म्हणून तो पैसे जमवायला बघतो. तीही वाट गरिबी बंद करते. सगळी दारं लागल्यावर जे उरतं ते आकाश, आणि आकाशात ती चिमणी. हा पोरगा मूर्ख नाही. त्याने बाकीचं सगळं करून पाहिलेलं आहे.

आता याच धाग्याने पुढे जाऊ. जेम्स फ्रेझर या मानववंशशास्त्रज्ञाचा ‘द गोल्डन बाव’ हा ग्रंथ १८९० साली आला. जगभरच्या जादूटोण्याचे असंख्य दाखले गोळा करून त्याने त्यामागे दोन तत्त्वं दाखवली. पहिलं सादृश्याचं : सारख्यातून सारखं निघतं, म्हणून शत्रूची बाहुली करायची आणि तिला टाचण्या टोचायच्या. दुसरं स्पर्शाचं : जे एकदा एकमेकांना लागलं ते दूर गेल्यावरही एकमेकांवर परिणाम करत राहतं, म्हणून कुणाचे केस, नखं, वापरलेलं कापड. चिमणीची राख अंगावर पडली की मन फिरतं, हा या दुसऱ्या तत्त्वाचाच नमुना.

इथे जरा थांबा. हे स्पर्शाचं तत्त्व त्या चित्रपटात आणखी कुठे दिसतं? डुक्कर पकडायला जब्याच्या बापालाच का बोलावतात? गावात धट्टीकट्टी माणसं काय कमी आहेत? कारण डुकराला हात लावला की विटाळ होतो. आणि जो पिढ्यान्‌पिढ्या हात लावत आला, त्याच्यात तो विटाळ मुरला असं मानतात. त्याच्या पोरालाही तो जन्मापासून लागलेला. स्पर्शातून न दिसणारं काहीतरी एकातून दुसऱ्यात जातं आणि कायमचं राहतं. हे फ्रेझरच्या पुस्तकातलं शब्दशः तेच तत्त्व आहे. जब्या राखेवर विश्वास ठेवतो आणि गाव विटाळावर. तर्काच्या दृष्टीने दोघांची जात एकच!

पण एकाला आपण अंधश्रद्धा म्हणतो आणि दुसऱ्याला रीत. वर्षं आठवा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला. त्यानंतर आधी वटहुकूम आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळाने मंजूर केला. ‘फँड्री’ सर्वत्र प्रदर्शित झाला १४ फेब्रुवारी २०१४ ला. महाराष्ट्र जादूटोण्यावर हिरिरीने बोलत होता, त्याच दिवसांत हा चित्रपट विचारत होता की तुमच्या यादीत सगळ्यात मोठी जादू आहे का? अस्पृश्यता संविधानाच्या कलम १७ ने नाहीशी केली, हे खरं. पण कायद्याने वागणूक बांधता येते. मनातल्या विटाळाला समन्स बजावता येत नाही.

आता कुणी म्हणेल, प्रोफेसर, हे जरा जास्तच झालं. राख खोटी आहे, पण जात तर खरी आहे; लोक तिच्यापायी मरतात. आक्षेप बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय आमचं म्हणणं पुरं होत नाही.

खिशातली दहा रुपयांची नोट काढा. कागद म्हणून तिची किंमत काय? तरी तिने चहा येतो. का? तुम्ही मानता, चहावाला मानतो, आणि दोघांनाही ठाऊक आहे की दुसरा मानतो. काही गोष्टी सगळ्यांनी मानल्यामुळेच खऱ्या होतात. जात अशी खरी आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी जे भाषण तयार केलं आणि जे कधी होऊ दिलं गेलं नाही, त्यात त्यांनी हाच मुद्दा मांडला आहे : जात ही विटांची भिंत किंवा काटेरी तारेचं कुंपण नाही की पाडून मोकळे झालो, ती एक कल्पना आहे, मनाची अवस्था आहे. कल्पना आहे म्हणजे हलकी आहे, असं मात्र त्यांनी म्हटलेलं नाही. उलट म्हणूनच ती पाडणं अवघड.

तेव्हा फरक इतकाच. जब्याची जादू चालत नाही, कारण ती मानणारा तो एकटा, फार तर पिऱ्या सोबतीला. गावाची जादू चालते, कारण तिच्यामागे अख्खा गाव उभा आहे.

चित्रपटातला तो प्रसंग यासाठीच पाहावा. शाळेजवळ डुक्कर अगदी कोंडीत सापडतं आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थबकतो, मग घरचे सगळे जागच्या जागी उभे राहतात. डुक्कर निघून जातं. ती बावन्न सेकंदं हे कुटुंब आणि शाळा एकाच गोष्टीला मानतात, एकाच पायरीवर उभे असतात. गीत संपतं आणि एक घर पुन्हा डुकरामागे धावू लागतं, बाकीचे पुन्हा हसू लागतात. हसणाऱ्यांत शालूही आहे.

या चित्रपटामागची माणसंही समजून घेतली पाहिजेत. नागराज मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, वडार समाजातले, आणि आधी कवी. ‘उन्हाच्या कटाविरुद्ध’ हा त्यांचा संग्रह. अहमदनगरला शिकताना केलेल्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘फँड्री’ला दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार मिळाला, आणि जब्या झालेल्या सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा. सोमनाथने अभिनयाचं कसलंही शिक्षण घेतलेलं नव्हतं. बाप कचरूची भूमिका केली किशोर कदम यांनी, म्हणजे कवी सौमित्र. राजेश्वरी खरात शालू झाली, सूरज पवार पिऱ्या आणि छाया कदम आई. आणि तो जादू सांगणारा चंक्या? तो स्वतः मंजुळे. पोराला खोटी आशा देणाऱ्याची भूमिका दिग्दर्शकाने दुसऱ्या कुणाला दिली नाही. आम्हाला यात प्रामाणिकपणा दिसतो. गोष्टी सांगणारा माणूसही शेवटी राखच विकत असतो. फक्त ती कशाची आहे हे त्याला ठाऊक असलं पाहिजे.

पुढे याच दिग्दर्शकाने आपल्या नागपुरात येऊन ‘झुंड’ केला. तो २०२२ च्या मार्चमध्ये आला. विजय बारसे सरांच्या कामावर तो बेतलेला आहे आणि त्यात नागपूरचेच पोट्टे आहेत. त्यांना कुणी काळी चिमणी सांगत नाही, फुटबॉल देतो. झोपडपट्टी आणि कॉलेजच्या मैदानामध्ये तिथे खरोखरची भिंत आहे. फुटबॉलने ती भिंत पडत नाही, पण पलीकडे जायची एक वाट उघडते. सार्त्रच्या भाषेत सांगायचं तर वाट सापडली की जादूची गरज कमी होते.

‘फँड्री’च्या शेवटी मात्र वाट नाही, दगड आहे. जब्या चिडवणाऱ्यांवर दगड फेकतो आणि शेवटचा दगड थेट पडद्याबाहेर, आपल्याकडे येतो. दगड हा उपाय आहे असं आम्ही म्हणत नाही. पण इतका वेळ चिमणीमागे धावणारा पोरगा पहिल्यांदा आपला अडथळा कुठे आहे ते बरोबर ओळखतो. तो आकाशात नाही, समोर हसत उभ्या असलेल्या माणसांत आहे, आणि अंधारात बसून पाहणारे आपणही त्यांत आहोत.

इथे आईवडील बसले आहेत, शिक्षक बसले आहेत. पोट्ट्याने गळ्यात ताईत बांधला तर आपण त्याला विज्ञान शिकवतो, आणि शिकवावंच. पण तोच पोट्टा वर्गातल्या एखाद्या मुलीचं नाव घरी घेतो, तेव्हा आपला पहिला प्रश्न तिच्या आडनावाचा असतो की नाही? असेल, तर राखेचा हिशेब आधी स्वतःच्या घरात करावा लागेल. मग ताईत काढायला सांगण्याचा आपला अधिकार पोरंही मानतील.