रस्त्यावर ‘तो’, बिळात ‘ती’!

पावसाळ्यात राधानगरी, गगनबावडा नाहीतर आंबोलीकडं गाडी काढली, की रात्री हेडलाइटच्या उजेडात कधीतरी एखादा मोठा केसाळ कोळी रस्ता ओलांडताना दिसतो. ‘अरे, टॅरंटुला!’ एकजण मोबाइल काढतो, दुसरा चप्पल. तिसऱ्याला वाटतं, बरणीत घालून घरी न्यावा. पेट म्हणून नाद खुळा! या तिघांनीही आधी एवढंच बघावं: हा नर आहे की मादी?

असा भटकणारा टॅरंटुला बहुतेक वेळा नर असतो. मादी जवळजवळ सगळं आयुष्य बिळात नाहीतर झाडाच्या ढोलीत काढते. नरही लहानपणी तसाच राहतो. पण शेवटची कात टाकली, की तो वयात येतो आणि मादी शोधायला बाहेर पडतो. त्यानंतर त्याच्या हातात बहुतेक वेळा काही महिनेच असतात. मादी मात्र अनेक जातींत दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहूनही जास्त जगते.

ओळखायचं कसं?

तोंडाशी पायांसारखेच दिसणारे दोन आखूड अवयव असतात. त्यांना पाल्प म्हणतात. वयात आलेल्या नराच्या पाल्पची टोकं फुगीर असतात, बॉक्सिंग ग्लोव्हज घातल्यासारखी. नर छोटं जाळं विणतो, त्यावर शुक्राणूंचा थेंब सोडतो आणि सिरिंज भरावी तसा तो पाल्पमध्ये ओढून घेतो. शिवाय तो सडपातळ, लांब पायांचा. ती भरलेल्या अंगाची, मोठ्या पोटाची.

नेटवर आणखी एक टिप हमखास मिळते: नराच्या पुढच्या पायांवरचे आकडे बघा. ती अमेरिकेतल्या अनेक जातींना लागू पडते. आपल्याकडच्या पोईसिलोथेरिया किंवा किलोब्रॅकिसच्या नरांना असे आकडे नसतात. त्यामुळं आकडे दिसले नाहीत म्हणून मादी ठरवाल, तर फसाल. वयात न आलेल्या पिलांत तर वरून फरक कळणं अवघडच. जाणकार त्यांनी टाकलेली कात भिंगाखाली बघतात. मादीच्या कातेत पोटाच्या आतल्या बाजूला शुक्राणू साठवायच्या पिशवीचं अस्तर दिसतं.

गंमत म्हणजे, मादीनं कात टाकली की या अस्तराबरोबर साठवलेले शुक्राणूही जातात. पुढच्या पिलांसाठी पुन्हा नवा नर बिळापर्यंत पोचावा लागतो. म्हणजे चपलेखाली गेलेला नर ही हुकलेली एक भेट असते. आणि बिळातून उकरून नेलेली मादी म्हणजे पुढच्या कित्येक वर्षांची पिलं.

हौस आणि कायदा

आंध्रातली निळी पोईसिलोथेरिया मेटॅलिका जंगलात अतिसंकटग्रस्त आहे, पण जगभरचे हौशी लोक ती पाळतात. उलटी वाहतूकही होते. २०२१ मध्ये चेन्नई विमानतळावर पोलंडहून आलेल्या पार्सलमध्ये छोट्या कुप्यांत भरलेले १०७ जिवंत कोळी सापडले. पोईसिलोथेरियाच्या सगळ्या जाती २०१९ पासून ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. आपल्या वन्यजीव कायद्यातही २०२२ च्या दुरुस्तीनं ‘साइट्स’मधल्या प्राण्यांची वेगळी अनुसूची आली. त्यातला जिवंत प्राणी घरात ठेवायचा, तर नोंदणी लागते. अभयारण्यातून तर काहीच उचलता येत नाही.

चावेल याची भीती? डिवचलं तर चावतो. पोईसिलोथेरियाच्या दंशानं वेदना होतात, स्नायूंत गोळे येतात. म्हणून हात लावायचाच नाही.

तेव्हा पुढच्या ट्रिपला असा कोळी दिसला, तर गाडी कडेला घ्या. पाल्प दिसतील असा समोरून एक फोटो काढा. स्टोरीला टाकायचा तर जागेचं लोकेशन देऊ नका, कारण आसपास ‘ती’ असणार. मग मागून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवा आणि त्याला रस्ता ओलांडू द्या.