दोघींचं ‘मॉड्यूल’

‘मॉड्यूल’ हा शब्द आमच्या गोतावळ्यात दोघींच्या तोंडी असतो. एक माझी धाकटी जाऊ, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात आशा म्हणून काम करते. दुसरी माझी भाची, २०२० पासून चंद्रपूरला घरी बसून एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. जावेचं काम अख्ख्या गावाला दिसतं. भाचीचं कुणालाच दिसत नाही. “दिवसभर काय टाइप करून राहिली ही?” हा तिच्या आजीचा रोजचा प्रश्न!

सर्व्हर म्हणजे अखंड चालू असणारा संगणक. आपण मोबाइलवर रेल्वेचं तिकीट काढतो, तेव्हा पलीकडे असाच कुणीतरी उत्तर देत असतो. भाचीच्या कंपनीत असे पन्नास-साठ आहेत. प्रत्येकाचं घड्याळ, परवानग्या, बॅकअप नीट हवं. पूर्वी हे हाताने करत. आता सर्व्हर कसा असावा ते लिहून ठेवतात आणि एक प्रोग्राम तो तसा ठेवतो. ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ‘सीएफइंजिन’ बनवलं, २००५ मध्ये ‘पपेट’ आलं. भाची पपेट वापरते. ते दर अर्ध्या तासाने तपासणी करतं, बिघडलं असेल तेवढंच सुधारतं, बाकीला हात लावत नाही. (असं घरकाम करणारं कुणी मिळालं असतं तर!)

पण लिहायचं कसं, हीच तर मेख आहे. आधीच्या लोकांनी सगळं एकाच लांबलचक फाइलीत कोंबलं होतं. घड्याळाची सूचना पाच ठिकाणी. एकदा चार ठिकाणी बदलली, पाचवी राहिली आणि मध्यरात्रीनंतरची बिलं आदल्या तारखेची निघाली. भाचीने ते सारं मोडून पुन्हा मांडलं. घड्याळाचं एक मॉड्यूल, बॅकअपचं एक, डेटाबेसचं एक. प्रत्येकाने आपलं एकच काम करायचं. कंपनीचे पत्ते, आकडे वेगळ्या फाइलीत. मॉड्यूल जोडून ‘प्रोफाइल’, प्रोफाइल जोडून ‘रोल’ आणि एका सर्व्हरला एकच रोल. ही रीत क्रेग डन यांनी २०१२ मध्ये मांडली.

ऐकता ऐकता मला जाऊबाईची पिशवी आठवली. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, ते १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. २०११ पासून हे काम देशभरच्या आशांकडे आलं. त्यांच्या प्रशिक्षणाची सहावं-सातवं मॉड्यूल हीच. हात धुणं, वजन करणं, ताप पाहणं, मिनिटभर श्वास मोजणं, एकेक कौशल्य सुटं शिकून पक्कं करायचं. मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. बाळंतपण घरी झालं तर पहिल्या दिवशीही. हात धुण्याची रीत सगळ्या घरांत तीच, वजन मात्र ज्याच्या त्याच्या नोंदीत. भाचीला सांगितलं तर म्हणाली, “मावशी, अगदी हेच!”

आता भाचीला आठवा लागतोय. २०१७ पासून कायद्याने २६ आठवडे रजा मिळते, तरी वरिष्ठांनी आडून विचारलंच, “तुमच्यामागे कोण बघणार?” तिने नव्या मुलाला एक रिकामा सर्व्हर आणि मॉड्यूल दिली. त्याने एकही फोन न करता पाऊण तासात तो उभा केला.

मला मात्र धसका बसला. म्हटलं, “सगळं असं लिहून दिलंस, मग परत आल्यावर तुझी गरज काय गं?”

“मावशी, डोक्यात होतं तेव्हा काय सुख होतं? ताईच्या हळदीला मी जिन्यात लॅपटॉप घेऊन बसले होते. आता मी नवं काहीतरी करीन.”

तिचं खरं असेल. पण कंपन्या माणसं मोजतात, तेव्हा असला विचार करतीलच असं नाही. म्हणून मी एवढंच विचारलं, परतीची तारीख आणि हेच पद लेखी घेतलंस का? तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पत्र आलेलं होतं. मी ते दोनदा वाचलं आणि एक प्रत छापून तिच्या आईकडे ठेवायला दिली.