पहिली बंदूक घेताना

भात पोटरीला आलं की संगमेश्वर तालुक्यात रानडुकरं उतरायला लागतात. साखरप्यापासून माखजनपर्यंत कुठल्याही वाडीत विचारा, एका रात्रीत लोळवलेल्या कुणग्याची हकीकत ऐकायला मिळेल. डुकरं आटोपली की माकडं. काजूचा मोहर, कोवळी शहाळी, केळीचे घड, पपई, काही म्हणजे काही राहत नाही. पूर्वेकडे सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत गवेही येतात. शेती सोडून मुंबईला गेलेल्यांनी जी कारणं सांगितली त्यात हे एक कारण हमखास असतं. जे राहिले, किंवा शिकून परत आले, त्यांच्यापैकी काही तरुण बागायतदार आता विचारतात: बंदूक घ्यायची तर कोणती घ्यावी? आणि दहातले बरेच जण पुढे विचारतात, पंप-अ‍ॅक्शन परवडेल का?

मोबाइलवर दिसणाऱ्या अमेरिकन व्हिडिओंमुळे हा प्रश्न येतो. तिकडे पहिली बंदूक म्हणून पंप-अ‍ॅक्शन शॉटगन घेण्याची पद्धतच आहे. रेमिंग्टन ८७० ही १९५० साली बाजारात आली आणि एक कोटीहून जास्त खपली. मॉसबर्ग ५०० आणि तिचीच स्वस्त बहीण मॅव्हरिक ८८ यांची नावं आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. पण तो सगळा सल्ला आपल्या कामाचा नाही. सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक नव्याने आयात करता येत नाही. देशात आधीपासून असलेल्या जुन्या परदेशी बंदुका परवान्यावरून परवान्यावर फिरतात आणि त्यांची किंमत त्यांच्या दुर्मीळपणाची असते, कामाची नव्हे. तेव्हा आपली निवड आपल्याच कारखान्यांतून करायची. तिरुचिरापल्लीच्या आयुध निर्माणीत बनलेली बारा बोअरची पंप-अ‍ॅक्शन, खासगी कारखान्यांच्या एकनळी आणि दुनळी बंदुका (बिहारमधलं मुंगेर आणि जम्मू ही त्यांची जुनी केंद्रं), आणि आपल्याकडची ठासणीची.

माझं मत आधीच सांगतो. शेती राखण्यासाठी संगमेश्वरातल्या माणसाने पहिली बंदूक म्हणून पंप-अ‍ॅक्शन घेऊ नये. कायद्यापासून काडतुसापर्यंत सगळ्या गोष्टी एकनळीच्या बाजूने आहेत.

कायदा आधी बघू, कारण दुकानात काय मागायचं ते तिथेच ठरतं. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातातली शस्त्रं काढून घेतली होती. स्वतंत्र भारताचा कायदा १९५९ चा, अंमल १ ऑक्टोबर १९६२ पासून. त्याच्या कलम १३ मध्ये शेतकऱ्याचा मुद्दाम विचार केला आहे. पीक संरक्षणाची गरज खरी असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असं हे कलम म्हणतं. ठासणीने भागणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते, मात्र तिची नळी वीस इंचांपेक्षा आखूड नको. म्हणजे अर्जात नुसतं ‘बंदूक हवी’ लिहून भागत नाही. ठासणी का पुरत नाही ते लिहावं लागतं: किती क्षेत्र, कुठली पिकं, कुठला प्राणी, किती नुकसान, कृषी किंवा वन खात्याने केलेले पंचनामे. सातबाऱ्यासोबत हे कागद जोडलेले असले की अर्जात जीव येतो. पंचनामा करून घ्यायचा कंटाळा करू नका, नुकसानभरपाईलाही तोच लागतो.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे रत्नागिरीला. वय किमान २१. पोलीस पडताळणी होते, वैद्यकीय दाखला लागतो, बंदूक घरात सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. २०१६ च्या शस्त्र नियमांनी हाताळणीच्या प्रशिक्षणाचीही अट घातली आहे. तिच्याकडे अडथळा म्हणून बघू नये. ज्याने आयुष्यात कधी काडतूस हातात धरलं नाही त्याला कुणीतरी शहाण्या माणसाने शिकवायलाच हवं. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. पीक संरक्षणाच्या परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. ती बंदूक आपल्या शेतासाठी असते, मित्रांबरोबर रानात फिरायला नसते.

आता पंप-अ‍ॅक्शन म्हणजे नेमकं काय. नळीच्या खाली तिच्याशी समांतर एक दुसरी नळी असते, तिच्यात काडतुसं एकामागे एक बसतात. डाव्या हाताखालची लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ मागे ओढली की रिकामं टरफल बाहेर फेकलं जातं, घोडा चढतो आणि खालच्या नळीतलं नवं काडतूस एका छोट्या पाळण्यावर येतं. मूठ पुढे ढकलली की तो पाळणा वर उचलला जातो, काडतूस घरात, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या त्याच्या जागेत, बसतं आणि मागचं दार पक्कं होतं. हे सगळं हाताच्या जोरावर चालतं, त्यामुळे काडतूस हलकं असो वा भारी, यंत्र चालतं. अट एकच, मूठ पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे गेली पाहिजे. नवशिका घाईत अर्धवट ओढतो आणि काडतूस मधेच अडकतं. काळोखात, समोर डुक्कर आणि हातात अडकलेली बंदूक, यापेक्षा वाईट अवस्था नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. एकनळी मोडली, म्हणजे बिजागरीवर वाकवून उघडली, की नळी डोळ्यांसमोर उघडी पडते. भरलेली की रिकामी, शेजारी उभ्या असलेल्या पोरालाही दिसतं. पंपात तसं नाही. खालची नळी रिकामी केली तरी वरच्या घरात एक काडतूस बसलेलं असू शकतं. दोन्ही जागा डोळ्यांनी बघून, बोट घालून तपासायची शिस्त अंगात मुरलेली नसेल तर ही बंदूक घरात नको. आपल्या घरांत पडवीला, माजघरात पोरंबाळं असतात, शेजारीपाजारी येऊन बसतात. मोडणाऱ्या एकनळीचा मोठा गुण हा की ती उघडी ठेवली की सगळ्यांना कळतं, उडणार नाही.

पंपाचा फायदा म्हणजे एकामागे एक बार. तो फायदा शेतीत किती? डुकरांचा कळप पहिल्या आवाजाला पांगतो. दुसरा बार पळत्या सावलीवर जातो, आणि पळत्या सावलीवर टाकलेला बार जनावराला मारत नाही, जखमी करतो. जखमी डुक्कर दोन दिवस करवंदीच्या जाळीत पडून राहतं, मग गवत कापायला गेलेल्या बाईवर धावून जातं. एकच काडतूस असलं की माणूस थांबतो, नीट बघतो आणि मगच चाप ओढतो. वस्तीपासून लांब एकट्या घरात राहणाऱ्याने स्वसंरक्षणासाठी, किंवा मातीच्या तबकड्या उडवण्याच्या नेमबाजीची आवड असलेल्याने देशी पंप घेतली तर ती गोष्ट वेगळी. तिथे ती चांगली बंदूक आहे. पण एकनळीपेक्षा तिला पैसे कितीतरी जास्त पडतात, हेही धरून चाला.

ठासणीबद्दल थोडं बोलायला हवं, कारण तिला आता कुणी मोजत नाही. नळीत वरून दारू, मग डाट, मग छर्रे, गजाने ठासायचं, बुडाशी केप बसवायची. पावसात दारू भिजते, भरायला वेळ लागतो, हे खरं. पण छर्रे न घालता नुसती दारू आणि डाट भरून दणदणीत आवाज काढता येतो. माकडांसाठी तेच हवं असतं. एक मात्र काळजात कोरून ठेवा: ठासणीत फक्त काळी दारू. काडतूस फोडून त्यातली बिनधुराची दारू ठासणीत भरणाऱ्याची नळी फुटते आणि त्याच्यासोबत बोटंही जातात.

बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी, व्यास साडेअठरा मिलिमीटर. बोअर हीच घ्या, दुसरी नको, कारण काडतुसं हिचीच मिळतात. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली ‘शक्तिमान’ काडतुसं आपल्या दुकानांत वर्षानुवर्षं आहेत. छर्ऱ्यांचे आकार चार नंबर, सहा नंबर, त्याहून मोठा बीबी, त्याहून मोठे एसजी आणि एलजी. बारीक छर्रे तीस-पस्तीस मीटरच्या पुढे कामाचे राहत नाहीत, पण इजा करायला त्याच्या कितीतरी पुढे जातात. एसजी-एलजी तर शेकडो मीटर. आपल्या डोंगरउतारावर खालच्या वाडीत दिवा दिसत असेल तर त्या दिशेला बार टाकायचा नाही. कोकणात शिकारीला गेलेल्या टोळीतलाच माणूस डुक्कर समजून मारला गेल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. झुडपातली हालचाल म्हणजे जनावर, असं धरून चालणाऱ्याच्या हाती बंदूक देऊच नये.

स्वस्तात घ्यायची तर जुनी बघावी लागते, आणि जुनी बघायला डोळा लागतो. कोल्हापूर, पुण्याच्या परवानाधारक दुकानात गेलात की आधी बंदूक रिकामी आहे ते बघा, मग नळी मोडून उजेडाकडे धरा. आतली प्रकाशाची वर्तुळं एकसारखी दिसली पाहिजेत. एखाद्या जागी काळं कडं दिसलं तर तिथे नळी फुगलेली असते, कुठल्या तरी बाराला आत माती किंवा कापड अडकलं होतं. ती बंदूक फुकट मिळाली तरी घेऊ नका. बारीक खड्डे म्हणजे गंज, तो कोकणातल्या जुन्या बंदुकीत थोडाफार असणारच, पण नळीच्या बुडाशी खोल खड्डे नकोत. मग बंदूक बंद करून दस्ता एका हातात, नळी दुसऱ्या हातात धरून हलवा. बिजागरीशी खिळखिळ जाणवली तर पुढे जाऊ नका. दस्त्याला तडा, चाप अगदी हलका, असं काही असेल तरी नको. पंप बघत असाल तर दुकानदाराकडून नकली काडतुसं मागून घ्या आणि भरून, ओढून, ढकलून सगळी बाहेर पडतात का ते बघा. शेवटी नळीवरचा क्रमांक कागदाशी ताडून पाहा.

नळीवर वेलबुट्टीसारखी नक्षी दिसली तर हुरळून जाऊ नका. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली ती जुनी नळी काळ्या दारूच्या काळातली. आजच्या काडतुसाचा दाब तिला झेपत नाही. ती भिंतीवर शोभते. तसंच काही जुन्या विलायती बंदुकांचं घर ६५ मिलिमीटरचं असतं आणि आजचं काडतूस ७० चं. न उडवलेलं काडतूस आत सहज बसतं, त्यामुळे फसगत होते. उडताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. नळीच्या बुडावरचा आकडा वाचल्याशिवाय काडतूस घालू नका.

घरी आणल्यावर बंदुकीचा खरा वैरी आपला पाऊस. कापडी किंवा चामडी म्यानात ठेवलेली बंदूक श्रावणापर्यंत तांबडी होते, कारण म्यान ओल धरून ठेवतं. नळी पुसून यंत्राच्या हलक्या तेलाचा पातळ हात द्या आणि कुलपाच्या कपाटात म्यानाशिवाय ठेवा, काडतुसं दुसऱ्या कुलपात. आंब्याच्या बागेत ओल्या हातांनी धरली असेल तर त्याच रात्री पुसायची. खोबरेल वापरू नका, ते कालांतराने खवट आणि चिकट होतं.

आणि बंदूक कुणावर उगारायची, तेही कायद्याने ठरवलेलं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ११ उभ्या पिकाचं नुकसान हे परवानगीचं कारण म्हणून मान्य करतं. रानडुक्कर मारायचं तर वन खात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. शस्त्रपरवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हे अनेकांना पकडले गेल्यावर कळतं. आपलं लाल तोंडाचं माकड २०२२ च्या दुरुस्तीत पहिल्या अनुसूचीत गेलं आहे, गवा आधीपासूनच आहे. त्यांच्यावर बार टाकायचा विचारही नको, आवाज करून पिटाळायचं एवढंच. केरळ सरकारने २०२२ मध्ये रानडुकरांबाबतचे अधिकार ग्रामपंचायतीच्या प्रमुखांपर्यंत नेले आणि बंदूकधारकांची नोंद करून घेतली. आपल्याकडेही निर्णय वाडीच्या इतका जवळ आला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. रात्री डुक्कर शेतात असताना कागद तालुक्याला पोचत नाही, आणि मग माणसं फासक्या लावतात. त्या फासकीत डुकराऐवजी बिबट्या अडकतो आणि तडफडून मरतो. तारेत वीज सोडणाऱ्यांनी तर शेजाऱ्यांचे जीव घेतले आहेत. कायदेशीर बंदूक या दोन्हींपेक्षा कितीतरी बरी.

विनापरवाना गावठी बंदुकीचा मोह मात्र धरू नका. २०१९ पासून तिच्यासाठी किमान दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं तुरुंग आहे. लग्नात, शिमग्यात, निवडणुकीच्या गुलालात बेदरकार बार काढला तर परवाना असला तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

निवडणुकीत बंदुका जमा करून घेतात, आणि लोकसभेची निवडणूक नेमकी काजू-आंब्याच्या हंगामात येते. निवडणूक आयोगाच्या सूचनेनुसार जिल्ह्याची छाननी समिती कुणाची बंदूक जमा करायची ते ठरवते. जामिनावर असलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, दंगलीत नाव आलेले, यांच्यावर तिचा रोख असतो. तुमच्यावर काही गुन्हा नसेल तर त्या समितीकडे लेखी विनंती वेळेत करा, आणि जमा करावीच लागली तर पावती सांभाळा.

नवी घेण्याआधी घरात एक प्रश्न विचारावा: आजोबांची आहे का? कोकणात अनेक घरांत असते. परवानाधारक ७० वर्षांचा झाला असेल किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं असेल, तर हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. हे फार थोड्यांना माहीत आहे. तो वारल्यावर मात्र बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करावी लागते, नुसती पेटीत ठेवली तर ती बेकायदा ठरते. मुलगा डोंबिवलीत, घर बंद आणि बंदूक माजघरात, अशी अवस्था असेल तर तिचा काय तो निर्णय गणपतीला सगळे जमतात तेव्हाच करून टाकावा. गावात राहून शेत बघणाऱ्या भावाच्या नावे ती करायची असेल, तर बाकीच्या वारसांच्या संमतीच्या सह्या तेव्हा एका बैठकीत मिळतात.