नख अडकलं तर थांबा

गाडीच्या काचेवरचे ओरखडे काढून मिळतील, अशी पाटी वाचली की बहुतेकांना वाटतं, त्या चऱ्यात काहीतरी भरत असतील. पत्र्यावर पुट्टी भरतात तसंच. खडा लागून पुढची काच टिचली तर तिच्यात राळ भरतात हे खरं, पण तो धंदा वेगळा. ओरखड्यात काहीच भरलं जात नाही. चरा जागच्या जागी राहतो आणि त्याच्या भोवतालची काच घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणली जाते. सगळं एका पातळीला आलं की चरा दिसेनासा होतो. म्हणजे हे झिजवण्याचं काम आहे. किती झिजवायचं आणि कुठे हात आवरायचा, एवढीच यातली विद्या, आणि ती भल्याभल्यांना साधत नाही.

कामाची सुरुवात नखाने होते. कारागीर काच धुऊन कोरडी करतो आणि अंगठ्याचं नख चऱ्यावरून आडवं ओढतो. नख सरकत गेलं तर काम होण्यासारखं आहे. अडकलं तर गिऱ्हाइकाशी बोलणं वेगळ्या वळणाने सुरू होतं. मग मार्करने चऱ्याभोवती खूण केली जाते, तीही आतल्या बाजूने. बाहेर केलेली खूण पहिल्याच फेरीत पुसली जाते, आणि एकदा घासायच्या पावडरीचा लगदा पसरला की चरा नेमका कुठे होता हे करणाऱ्यालाच कळेनासं होतं. काचेच्या कडेच्या रबराला मास्किंग टेप, खालच्या पत्र्यावर प्लास्टिक. हा लगदा रबरात वाळला की तो काढण्यात निम्मा दिवस जातो.

पावडर सेरियम ऑक्साइडची. शुद्ध असली तर फिकट पिवळसर पांढरी. बाजारात मिळते ती बरेचदा गुलाबी-तपकिरी झाक असलेली, कारण तिच्यात प्रेझिओडिमियम हे तिचं भावंड मिसळलेलं असतं. पाण्यात ती ताकाइतपत पातळ कालवायची, मशीनला नमद्याचा, म्हणजे फेल्टचा पॅड लावायचा आणि वेग बेताचा ठेवायचा. पॅड काचेवर सपाट टेकलेला हवा. कड लागली की तिथे खळगा पडायला सुरुवात. मशीन एका जागी धरायचं नाही, आणि नुसत्या चऱ्यावरच फिरवायचं नाही. दर थोड्या वेळाने मशीन थांबवून काचेला तळहात लावून पाहायचा. हात ठेववत नसेल तर पाणी मारायचं आणि वाट पाहायची. एकाच जागी तापलेली पुढची काच कडेपर्यंत तडकू शकते. वीतभर जागेला तास लागला तरी नवल नाही, आणि त्या तासात बघणाऱ्याला काहीही घडताना दिसत नाही.

पाणी इथे केवळ गारव्यासाठी नसतं. काचेचा अगदी वरचा थर पाण्याने किंचित सैल होतो, सेरियमचे कण त्या थरातल्या सिलिकाशी क्षणभर रासायनिक बंध जोडतात आणि पुढे सरकताना तो थर सोबत घेऊन जातात. ली कुक या संशोधकाने १९९० मध्ये ही प्रक्रिया सविस्तर मांडली, तेव्हा तिला ‘रासायनिक दात’ असं नाव मिळालं. म्हणून सेरियमहून कितीतरी कठीण असलेला अ‍ॅल्युमिनाही काचेवर त्याच्याइतका चालत नाही. टूथपेस्टने चरे जातात म्हणणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं, की तिच्यातली चुनखडी काचेहून बरीच मऊ असते. तिने काच स्वच्छ होते, आणि स्वच्छ काचेवर चरा अधिकच उठून दिसतो.

सेरियमचा शोध १८०३ चा. स्वीडनमध्ये बर्झेलियस आणि हिसिंगर यांना, आणि त्याच सुमारास जर्मनीत क्लाप्रोटला तो लागला. दोनच वर्षं आधी सापडलेल्या सेरेस या लघुग्रहावरून त्याचं नाव ठेवलं. आपल्याकडची गोष्ट अधिक रंगतदार आहे. त्रावणकोरहून युरोपात गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत शोमबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला १९०९ मध्ये मोनाझाइट या खनिजाचे कण दिसले. तेव्हा सगळ्यांना हवं होतं ते त्यातलं थोरियम, गॅसबत्तीच्या मॅन्टलसाठी. सेरियम त्यासोबतच निघायचं. त्यातलं थोडं मॅन्टलमध्ये खपायचं, थोडं लायटरच्या ‘दगडा’त. काचेच्या पॉलिशला तेव्हा लोखंडाचा लाल ऑक्साइड, म्हणजे रूज, वापरत. हात, कपडे, भिंती, सगळं लाल. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास चष्मे-दुर्बिणींच्या कारखान्यांतून सेरियमने त्याला हटवलं. स्वतंत्र भारताने १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्‌स ही कंपनी काढली आणि केरळात आलुव्याला मोनाझाइटवर प्रक्रिया सुरू झाली. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत हौशी मंडळी दुर्बिणीचा आरसा स्वतः घासून तयार करायला शिकत आली आहेत. त्या आरशाचा शेवटचा हातही याच पावडरीचा.

गाडीची काच कारखान्यात मात्र घोटलेली नसते. पूर्वी असायची. सपाट काच हवी तर ती ओतायची, वाळूने दोन्ही बाजूंनी घासायची आणि रूजने घोटायची. बराच माल त्यातच झिजून जायचा. इंग्लंडमधल्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून हा सगळा खटाटोप मोडीत काढला आणि १९५९ मध्ये तसं जाहीर केलं. आज गॅरेजमधला माणूस पॅड घेऊन जे करतो ते त्या बंद पडलेल्या कामाचंच छोटं रूप आहे. फरक इतकाच, की कारखान्यात काच दोन्हीकडून सारखी घासली जायची आणि इथे ती एकाच जागी घासायची असते.

गोम तिथेच आहे. एका जागी जास्त घासलं की तिथे उथळ खळगा होतो, आणि खळगा म्हणजे भिंग. दाराच्या काचेत ते फारसं जाणवत नाही. पुढच्या काचेत, ड्रायव्हरच्या नजरेसमोर, तेच भिंग घाटात रात्री समोरच्या गाडीचे दिवे हलवून दाखवतं. म्हणून स्टिअरिंगच्या समोरचा खोल चरा मी तरी कुणाला काढू देणार नाही. वायपरच्या फिक्या कमानींपुरतं ठीक. पुढची काच दोन पातळ काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून बनते. दाराची काच सहसा एकेरी, तापवून झटकन गार केलेली असते. तिच्या दोन्ही पृष्ठभागांत दाब कोंडलेला असतो. तो थर जाडीच्या साधारण पाचव्या भागाइतका, म्हणजे घासण्यात जाते त्याहून कितीतरी जाड. त्यामुळे पॉलिशने काच फुटेल ही भीती फुकटची. खोल चऱ्याची गोष्ट निराळी; त्याने काच आधीच कमकुवत केलेली असते.

चरे पाडतो कोण? वाळूतला क्वार्ट्‌झ. कठीणपणाच्या मोह्‌स मापावर तो सात, काच साडेपाचच्या आसपास. सह्याद्रीच्या काळ्या दगडातलं फेल्डस्पारही सहा, म्हणजे खडी क्रशरजवळून जाणाऱ्या प्रत्येक गाडीवर काचेहून कठीण भुकटी बसते. सकाळी सोसायटीत एका बादलीत दहा गाड्या पुसणारा कोरडं फडकं मारतो आणि ती भुकटी काचेवर रगडली जाते. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी आणली, तेव्हा चौकाचौकांत ब्लेडने फिल्म खरवडल्या गेल्या. जुन्या गाड्यांच्या काचांवर त्या ब्लेडच्या तिरक्या रेघा अजून सापडतील.

विम्याचा इथे उपयोग नाही. काच फुटली तर घसारा न कापता भरपाई मिळते, पण ओरखडा म्हणजे वापराची झीज. आणि लहान गाडीच्या दाराची काच तासाभराच्या कसबी मजुरीपुढे फार महाग नसते. त्यामुळे बहुतेक गॅरेजवाले खांदे उडवून ‘बदलून टाका’ म्हणतात, आणि दाराच्या काचेपुरतं ते बरोबरही असतं. बदला किंवा घोटा, पण काच वर-खाली सरकते त्या रबरातली माती आधी काढून घ्या. उभ्या रेघा तिथूनच पडतात, आणि नव्या काचेवरही त्या त्याच जागी पडतील.