ग्राइंडिंग व्हील: आधी वाजवा, मग लावा

आज आपण वर्कशॉपच्या कोपऱ्यातल्या पेडेस्टल ग्राइंडरबद्दल बोलणार आहोत. टूलला धार लावायची असो की जॉबची बर काढायची, सगळे तिकडेच जातात. रोजचं मशीन, त्यामुळे त्याची भीतीही मोडलेली असते.

आधी हे चाक कशाचं असतं ते पाहू. ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइडचे कण चिनी मातीसारख्या मिश्रणात घालून भट्टीत भाजतात. म्हणजे नात्यानं ते कपबशीच्या जवळचं. हाताला दगड वाटतो, पण पडलं की तडकतं. आणि तडा डोळ्यांना दिसेलच असं नाही.

आता वेगाचं गणित करू. चाकाचा व्यास 200 मिलिमीटर, मोटरचे फेरे मिनिटाला 2800. परीघाला फेऱ्यांनी गुणा, 60 नं भागा. कडेचा वेग येतो सेकंदाला सुमारे 29 मीटर, म्हणजे ताशी 105 किलोमीटर. चाक फुटलं तर तुकडे याच वेगानं सुटतात. शिवाय फेरे दुप्पट झाले की चाकाला आतून फाडणारा ताण चौपट होतो. म्हणून चाकावर छापलेले कमाल फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी असतील, तर ते चाक तिथे लावायचंच नाही. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 30 प्रमाणे चाकाचा कमाल सुरक्षित वेग आणि स्पिंडलचा वेग सांगणारी सूचना मशीनजवळ कायम लावलेली असावी लागत असे.

चाक लावण्याआधी ते वाजवून बघायचं. माठ घेताना आपण टिचकी मारतो ना, तसंच. कोरडं चाक भोकात बोट किंवा दांडी घालून लटकवा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं कडेजवळ हलकेच ठोका. थोडं फिरवून पुन्हा ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला तर चाक बाद. रेझिनच्या चाकाचा आवाज मुळातच दबका असतो, हे मात्र लक्षात ठेवा.

चाक स्पिंडलवर सहज बसलं पाहिजे. ठोकून बसवू नका. बाजूचे कागद काढू नका, त्यांच्यामुळे फ्लँजचा दाब सारखा पसरतो. नट गरजेपुरताच आवळा. मग गार्ड लावा, बाजूला उभे राहा आणि किमान एक मिनिट रिकामं चालवा.

टूल रेस्ट आणि चाक यांच्यात 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. चाक झिजतं तशी फट वाढते, जॉब आत ओढला जातो, अडकतो आणि चाक फुटतं. फट कमी करायची ती मशीन बंद करून, चाक पूर्ण थांबल्यावरच.

नेहमी विचारला जाणारा प्रश्न: "सर, चाक कापत नाही, जोर लावू का?" नाही. चाकाचे कण बोथट झालेत, किंवा ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूनं त्याची छिद्रं बुजली आहेत. दाबलंत तर उष्णताच वाढेल. ड्रेसर फिरवा, नवे कण उघडे पडतील. चाक गोलाईतही येईल. आणि साध्या सरळ चाकाच्या बाजूवर घासू नका. त्या दिशेचा दाब सोसायला ते बनवलेलंच नसतं.

डोळ्यांवर गॉगल हवाच. सैल बाही आणि हातमोजे मात्र नकोत, कारण कापड चाकात गुंतलं की हात मागोमाग जातो. उद्या कामावर गेलात की स्विच दाबण्याआधी टूल रेस्टची फट तेवढी मोजा. वाढलेली असेल तर पहिलं काम तेच.