निवळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे

‘खाणीचं पाणी पॉलिमर टाकून काचेसारखं केलेलं आहे, मग ते प्यायला काय हरकत?’ हे वाक्य वारंवार कानावर येतं आणि दरवेळी तितकंच खटकतं. डोळ्यांना निवळ दिसलं की पाणी शुद्ध झालं, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. हा समज साधा नाही, धोक्याचा आहे.

तो कुठून येतो हे कळतं. मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं पिंपळगाव रेणुकाई घ्या. भोकरदन तालुक्यातल्या या गावाला खाण म्हणजे दगडाची. कोळसा निघतो दूर विदर्भात, लोहखनिज विदर्भात आणि गोव्यात. पण पावसाळ्यात काळ्या मातीचं गढूळ पाणी आणि त्यात फिरवलेली तुरटी इथल्या घराघराने पाहिली आहे. तासाभरात गाळ तळाला बसतो आणि काम झालंसं वाटतं. हाच अनुभव खाणीच्या पाण्याला लावला जातो, आणि चूक तिथेच होते.

पॉलिमर नेमकं काय करतो ते पाहू. 0.1 मिलिमीटरचा बारीक वाळूचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला दोनेक मिनिटं घेतो. चिकणमातीच्या एक मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी सुमारे 13 दिवस लागतात. शिवाय अशा कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि तरंगत राहतात. तुरटी किंवा पॉलिअॅल्युमिनियम क्लोराइड हा भार मोडतं. त्यानंतर पॉलिअॅक्रिलामाइडसारखा पॉलिमर, म्हणजे लाखाहून अधिक कड्यांची लांब साखळी, अनेक कणांना एकदम धरते. कण मोठे होतात आणि झपाट्याने खाली बसतात.

प्रयोगशाळेत हे जार टेस्टमध्ये स्वच्छ दिसतं. एकेक लिटर गढूळ पाण्याचे सहा बीकर ओळीने ठेवतात. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम पॉलिमर विरघळवून द्रावण करतात; त्याचा एक मिलिलिटर म्हणजे बीकरमध्ये लिटरला एक मिलिग्रॅम डोस. प्रत्येक बीकरमध्ये वेगळा डोस घालून आधी जोरात आणि मग हळू ढवळतात. योग्य डोसच्या बीकरमध्ये दोन-तीन मिलिमीटरचे पुंजके तयार होऊन खाली उतरतात आणि वर पारदर्शक पाणी राहतं. पुंजके जमल्यावर जोराने ढवळलं, तर ते तुटतात आणि केलेली मेहनत वाया जाते.

पण हे सगळं तरंगणाऱ्या कणांबद्दल झालं. पाण्यात विरघळलेल्या पदार्थांना पॉलिमर जवळपास हात लावत नाही. ग्लासभर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवा. पाणी निवळच दिसेल, पण खारट लागेल. खाणीच्या पाण्यात सल्फेट, कठीणपणा आणणारे क्षार आणि स्फोटकांतल्या अमोनियम नायट्रेटमुळे आलेलं नायट्रेट असू शकतं. खडकात पायराइट हे गंधकयुक्त खनिज असेल, तर हवा-पाण्याच्या संपर्काने आम्ल तयार होतं आणि ते धातू विरघळवतं. तिथे आधी चुना घालून आम्लता मोडावी लागते, तेव्हा धातू हायड्रॉक्साइडच्या कणांच्या रूपात बाहेर पडतात. पॉलिमरचं काम त्यानंतरचं. सल्फेटचा बराचसा भाग तरीही पाण्यातच राहतो.

शंका असेल त्यांनी नागपूर जिल्ह्यातल्या पाटणसावंगीचं उदाहरण पाहावं. कोळसा काढणाऱ्या वेस्टर्न कोलफिल्ड्स कंपनीने 2016 मध्ये तिथलं खाणीचं पाणी ‘कोल नीर’ नावाने बाटल्यांत भरायला सुरुवात केली. त्यासाठी विरघळलेले क्षार काढणारी आरओ यंत्रणा बसवावी लागली. निवळण्याने भागत असतं, तर हा खर्च कोणी केला असता?

नियमांतही हा फरक आहे. पर्यावरण संरक्षण नियमांनुसार कोळसा खाणीचं पाणी नदी-नाल्यात सोडताना तरंगता गाळ लिटरला 100 मिलिग्रॅमपर्यंत चालतो. ही सोडण्याची मर्यादा आहे, पिण्याची नव्हे. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस 10500 हे मानक वेगळं आहे: नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंत, सल्फेट शक्यतो 200 पर्यंत, एकूण विरघळलेले क्षार शक्यतो 500 पर्यंत. निवळ पाण्यात हे तिन्ही आकडे ओलांडलेले असू शकतात.

म्हणून पॉलिमर निरुपयोगी ठरत नाही. गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे इथे लोहखनिजाच्या खाणींचा लाल गाळ ओढ्यांत आणि भातशेतीत उतरण्याचा त्रास लोकांनी भोगला आहे. जिथे खरा शत्रू गाळ आहे, तिथे पॉलिमर फार मोलाचा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

‘डोस जास्त, तर परिणाम जास्त.’ नाही, प्रमाणाबाहेर टाकला तर कण पुन्हा तरंगत राहतात आणि पुढचे फिल्टर तुंबतात.

‘पॉलिमर गाळ खाऊन टाकतो.’ गाळ फक्त पाण्यातून तळाशी जातो. तो उपसून सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी उरतेच.

‘म्हणजे पाण्यात प्लास्टिकच टाकतात.’ हा पॉलिमर पाण्यात विरघळतो, कॅरीबॅगसारखा नसतो. काळजी करायची ती, ज्यापासून तो बनतो आणि जे थोडं त्यात उरतं, त्या अॅक्रिलामाइडची: कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1994 मध्ये ते बहुधा कर्करोगकारक ठरवलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मार्गदर्शक मर्यादा लिटरला 0.5 मायक्रोग्रॅम आहे.

‘पावडर टाकीत ओतली की झालं.’ एकदम ओतली तर गुठळ्या होतात आणि माल फुकट जातो. म्हणूनच अनेक ठिकाणी तेलात किंवा क्षारजलात मिसळलेला पातळ पॉलिमर वापरतात.

‘सांडला तर पाणी मारून धुवा.’ अजिबात नको. ओला पॉलिमर भयंकर निसरडा होतो. आधी वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून तो उचलावा.

खाणीचं पाणी गावाला देण्याची गोष्ट निघाली, तर ग्रामसभेने पाण्याची बाटली उजेडात धरून निर्णय घेऊ नये. पीएच, एकूण क्षार, सल्फेट, नायट्रेट आणि धातू यांचा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतला अहवाल मागावा. एकदाच नव्हे, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यातही. तो मिळेपर्यंत ते पाणी पिण्यासाठी घेऊ नये.